शटल इफेक्ट: मागावरच्या धोट्यापासून बॅटरीपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलो आणि पुढे पोटापाण्यासाठी बॅटरीच्या लॅबमध्ये येऊन पडलो, त्यामुळे शटल हा शब्द माझ्या आयुष्यात दोनदा आला आणि दोन्ही वेळेला डोकं उठवायलाच आला. प्रश्न पाठवणारे साधारण ठरलेले असतात: बारावीची पोरं, एमएस्सी-पीएचडीवाले, एखाददुसरा यंत्रमागवाला, आणि इन्व्हर्टर लवकर उतरतोय म्हणून वैतागलेली मंडळी. सगळ्यांची उत्तरं एका जागी टाकतोय. नंबर अशासाठी दिलेत की तीच टेप परत वाजवायला नको.

१. शटल इफेक्ट म्हणजे काय, एकदम सोप्यात सांगा ना

मधे एक अडसर असतो आणि जे पलीकडे न्यायचंय ते आपलं आपण जाऊ शकत नाही. मग तिसरंच कोणीतरी ते उचलतं, पलीकडे उतरवतं, रिकामं होऊन परत येतं, परत उचलतं, परत जातं. स्टँड ते स्टेशन मारणारी शेअर रिक्षा डोळ्यासमोर आणा. रिक्षा एकच पण दिवसभरात शे-दीडशे माणसं इकडची तिकडे. यातली मेख इतकीच की वाहून नेणारा संपत नाही, म्हणून तो चिमूटभर असला तरी पुरतो. आपलं शरीर हे मुद्दाम करतं, बॅटरीत हेच न सांगता घडतं तेव्हा ती चोरी असते. पुढचे सगळे प्रश्न फिरून फिरून इथेच येणार आहेत: कोण वाहतोय, काय वाहतोय, आणि त्याला सांगितलं होतं का.

२. शटल शब्द आला कुठून? बॅडमिंटनचं शटल आणि स्पेस शटल पण तेच का?

शब्द मागावरचा. शटल म्हणजे आपला धोटा. बाण्याची कांडी पोटात घेऊन ताण्याच्या उघडलेल्या धाग्यांमधून या टोकाचा त्या टोकाला आणि परत. बॅडमिंटनचं फूल पण जाळीवरून असंच ये-जा करतं म्हणून शटलकॉक, आणि त्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात आपल्या पुण्यातच बांधले गेले, तेव्हा खेळाला पूनाच म्हणायचे. स्पेस शटल जाऊन परत येणारं यान म्हणून शटल. नावापुरतं नातं तिघांचंही आहे, पण इफेक्ट म्हणून जे शिकवतात ते वेगळं. स्पेस शटलचं एक गंमतशीर प्रकरण प्रश्न १६ मध्ये आहे.

३. आमचे साधे माग आहेत. धोट्याचा स्वतःचा काही इफेक्ट असतो का? शटललेस इतके वेगात कसे चालतात?

असतो, आणि तो हिशोब एकदा मांडला की कळतं धोटा मोडीत का निघाला. २० नंबरचं सूत घ्या, कापडाचा पन्हा सव्वा मीटर धरा. एका फेरीत पडतो तो सव्वा मीटर धागा, वजन साधारण ३७ मिलिग्रॅम. आणि तो टाकायला आपण भिरकावतो काय, तर कांडीसकट ४०० ग्रॅमच्या आसपासचा लाकडी धोटा! म्हणजे मालापेक्षा गाडी दहा हजार पट जड. बरं, नुसता भिरकावून भागत नाही, पलीकडच्या पेटीत तो थांबवायला पण लागतो, म्हणजे दिलेली सगळी ताकद आवाजात आणि उष्णतेत गेली. मागाचा वेग दुप्पट केला तर एका फटक्याची ऊर्जा चौपट होते, आणि मिनिटाला फटके पण दुप्पट, म्हणजे धोट्यावर खर्च होणारी ताकद आठपट. म्हणून साधा माग मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या पुढे न्यायला गेलं की जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) तिथेच बिऱ्हाड करावं लागतं. एअरजेट नावाच्या शटललेस मागात गाडीच काढून टाकली, नुसता धागा हवेच्या झोताने उडवतात, त्यामुळे तो हजाराच्या आसपास पोचतो.

इतिहासात मात्र याच धोट्याने उलटा धमाका केला होता. १७३३ साली इंग्लंडात जॉन के ने दोरी ओढून पळवायच्या धोट्याचं पेटंट घेतलं, त्याआधी रुंद कापडाला दोन माणसं लागायची, ती एकावर आली, विणणं इतकं भराभर झालं की सूत पुरेना आणि मग सूत कातायची यंत्रं आली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ चा, विठ्ठलराव दातारांचा.

जाता जाता एक. लँकेशायरकडे नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचे, त्याला ते लोक धोट्याचा मुका म्हणायचे. एकच धोटा किती जणांच्या तोंडाला लागायचा देव जाणे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये कायदा करून हे बंद केलं.

४. शटल इफेक्ट शोधलं की सगळीकडे लिथियम-सल्फर बॅटरीच येते. तिथे नेमकं काय होतं?

कारण हे नाव सगळ्यात जास्त तिथेच वापरलं जातं. नीट सांगतो, थोडं लांबेल.

एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला कार्बनमध्ये मुरवलेला गंधक, मधे सेपरेटर नावाचा सच्छिद्र पडदा आणि सगळीकडे इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयनांना वाट देणारा द्रव. गंधकाचा रेणू म्हणजे आठ अणूंचं कडं. सेल वापरायला लागलात की ते कडं तुटतं, टोकांना लिथियम चिकटतं आणि आठाची साखळी तयार होते, मग तिची सहाची, मग चाराची, शेवटी एकेकटा लिथियम सल्फाइड. या लांब साखळ्यांना पॉलिसल्फाइड म्हणतात आणि गोची अशी की त्या इलेक्ट्रोलाइटमध्ये साखरेसारख्या विरघळतात. शेवटचा लिथियम सल्फाइड विरघळत नाही, कडं विरघळतं ते पण अगदी किरकोळ, मधलीच मंडळी सुटतात.

आता सेल चार्जिंगला लावा. गंधकाच्या बाजूला तयार झालेली लांब साखळी पोहत पोहत पडद्यातून लिथियमकडे जाते. लिथियम इलेक्ट्रॉन द्यायला टपलेलाच असतो, तो साखळीला इलेक्ट्रॉन देतो, साखळी तुटून आखूड होते. आखूड साखळी परत गंधकाच्या बाजूला येते, चार्जर तिचे इलेक्ट्रॉन काढून घेऊन तिला परत लांब करतो, की निघाली परत. म्हणजे चार्जर जी वीज ढकलतोय ती साठतच नाहीये, ती या फेऱ्यांवर खर्च होतेय. टाकीला खालून भोक आणि वरून नळ चालू.

माझा पहिला असा सेल मी संध्याकाळी चार्जला लावून घरी गेलो, २.८ व्होल्टला थांब म्हणून सांगितलं होतं. सकाळी येऊन बघतोय तर व्होल्टेज २.४ च्या आसपास चिकटून बसलेलं, रेघ एकदम आडवी, आणि मशीन बिचारं रात्रभर करंट ढकलतंय. क्षमतेच्या चौपट चार्ज आत गेलेला! सरांनी ग्राफ बघितला आणि म्हणाले, तुझा सेल जिममधल्या ट्रेडमिलवर पळतोय.

चार्जिंग नसताना पण हे चालूच असतं, ठेवल्या ठेवल्या सेल उतरतो. शिवाय काही साखळ्या लिथियमवरच घट्ट थर होऊन बसतात, तो गंधक कायमचा गेला. काचेच्या सेलमध्ये केलंत तर डोळ्यांनी दिसतं, पडद्यापलीकडचं इलेक्ट्रोलाइट कसं स्वच्छ असतं ते हळूहळू पिवळं आणि मग चहासारखं तांबूस होतं.

५. पण लिथियम-आयनमध्ये पण आयन इकडून तिकडे जातात-येतातच की, मग तो शटल इफेक्ट का नाही?

हा प्रश्न फार जणांना पडतो आणि बरोबर पडतो, कारण पूर्वी लिथियम-आयनला शटलकॉक बॅटरी पण म्हणायचे. फरक इलेक्ट्रॉनचा आहे. लिथियम-आयनमध्ये आतून जातो तो फक्त आयन, इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतूनच जावं लागतं आणि त्या वाटेत तुमचा मोबाईल बसलेला असतो. शटल इफेक्टमध्ये आतला वाहक इलेक्ट्रॉनच पाठीवर घेऊन जातो, तारेची गरजच ठेवत नाही. म्हणजे आतल्या आत शॉर्टसर्किट, फक्त तारेऐवजी रेणूंनी केलेलं. वीजमीटरच्या आधीच आकडा टाकल्यासारखं म्हणा.

६. इतका त्रास आहे तर गंधकाच्या मागे लागलेत कशाला?

एक ग्रॅम गंधक कागदावर १६७५ मिलिअँपिअर-तास देतो. काही इलेक्ट्रिक स्कूटरमधलं लोह-फॉस्फेट १७० देतं. सेलचं व्होल्टेज कमी असतं, २.१ च्या आसपास, तरी किलोमागे हिशोबात २६०० वॅट-तास निघतात आणि प्रत्यक्षात त्याचा सहावा हिस्सा हातात आला तरी आम्ही पेढे वाटतो. वर गंधक स्वस्त, पेट्रोल-डिझेलमधून काढून टाकलेला रिफायनरीत ढिगाने पडलेला असतो. वजनाला जिथे किंमत आहे तिथे हे वापरून झालंय पण: २०१० मध्ये झेफिर नावाचं सौर विमान ॲरिझोनात सलग १४ दिवस हवेत होतं, त्याच्या रात्रीच्या बॅटऱ्या लिथियम-सल्फरच होत्या.

७. मग शटल थांबवायचं कसं? सगळे पेपर एकच सांगतात, आम्ही थांबवलं म्हणून

पेपरमध्ये दर आठवड्याला थांबतं ते. वाटा मोजक्याच आहेत. पहिली, साखळ्यांना घराबाहेरच पडू द्यायचं नाही: २००९ मध्ये कॅनडात लिंडा नाझर यांच्या गटाने बारीक नळ्या-नळ्यांच्या कार्बनमध्ये गंधक भरून दाखवला आणि तिथून या विषयाला खरी गर्दी झाली. नुसता कार्बन साखळीला फार धरून ठेवत नाही, म्हणून पुढे टायटॅनियम ऑक्साइडसारखे चिकट स्वभावाचे पदार्थ घालायला लागले. दुसरी, वाटेत नाकाबंदी: सेपरेटरवर लेप किंवा थेट घन इलेक्ट्रोलाइट. तिसरी, साखळ्या तयारच होऊ द्यायच्या नाहीत, पॉलिॲक्रिलोनायट्राइलसोबत गंधक भाजला की तो पॉलिमरला तुकड्या-तुकड्याने जोडला जातो आणि लांब साखळीची भानगडच राहत नाही, पण मग गंधकाचं प्रमाण कमी बसतं.

चौथी वाट सगळ्यात स्वस्त आणि लॅबमध्ये सगळे तीच वापरतात, इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडं लिथियम नायट्रेट. ते लिथियमवर पातळ कवच धरतं, साखळी तिथपर्यंत पोचते पण तिला इलेक्ट्रॉन मिळत नाही, हात हलवत परत. याची एक वाईट बाजू आहे, ती प्रश्न ९ मध्ये.

माझं मत विचाराल तर पेपर वाचताना आधी इलेक्ट्रोलाइट किती घातलंय आणि चौरस सेंटीमीटरवर गंधक किती आहे ते बघा. पातळ थर आणि भरपूर इलेक्ट्रोलाइट असेल तर कोणाचाही सेल हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज होतो.

८. हळू चार्ज केलेलं बॅटरीला बरं असतं ना? मग शटल पण कमी होईल

इथे उलटं आहे! शटल आपल्या चालीने चालतं, तुमच्या चार्जरचं ते ऐकत नाही. चार्जर हळू ढकलत असेल तर तेवढा सगळा करंट शटलच खाऊन टाकतं आणि सेल कधी भरतच नाही, माझ्या पहिल्या सेलचं तेच झालं होतं. जोरात ढकललं तर शटलच्या वाट्याला त्यातला छोटा हिस्सा येतो. मिखायलिक आणि ॲक्रिज यांनी २००४ मध्ये याचं सूत्रच मांडलं: शटलचा वेग, विरघळलेला गंधक आणि क्षमता एका बाजूला, चार्जिंगचा करंट भागाकारात. उत्तर एकच्या वर गेलं की सेल पूर्ण भरायचं विसरा. अर्थात जोरात चार्ज केल्याने लिथियमवर काटे वाढतात तो वेगळा ताप. आणि उन्हाळ्यात, म्हणजे तापमान वाढलं की, शटल अजून पिसाळतं.

९. माझी कूलंबिक एफिशिएन्सी ९९ टक्के येतेय, म्हणजे शटल गेलं असं लिहू का थिसिसमध्ये?

थांब. कूलंबिक एफिशिएन्सी म्हणजे जेवढं भरलं त्यातलं किती परत आलं. तू नायट्रेट घातलं असशील (सगळेच घालतात) तर ते ९९ नायट्रेटचे आहेत, तुझ्या नव्या मटेरियलचे नाहीत. साखळ्या विरघळतायत, पोहतायत, फक्त लिथियमच्या दारावर अडकतायत. आणि नायट्रेट दर चार्ज-डिस्चार्जला थोडं थोडं संपतं. त्यात तू सेल १.६ व्होल्टच्या खाली नेलास तर गंधकाच्या बाजूलाच नायट्रेट भाजून निघतं, म्हणून १.८ ला थांबायची पद्धत आहे. खरं बघायचं तर एक सेल बिननायट्रेटचा कर, आणि एक सेल पूर्ण चार्ज करून दोन-तीन दिवस नुसता ठेवून मग किती उरलंय ते मोज. आकडा खाली येईल, पण गाईड खूश होतील. म्हणजे व्हायला पाहिजेत.

१०. पॉलिसल्फाइड आमच्याकडे निळं दिसतंय, पिवळं नाही. काय चुकलं?

चुकलं काही नाही, सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) बदललंय. डायमिथाइल सल्फॉक्साइडसारख्या सॉल्व्हंटमध्ये साखळी मधेच तुटून तीन गंधकांचा एक चळवळ्या तुकडा तयार होतो, तो गडद निळा असतो. अल्ट्रामरीनच्या निळीचा रंग पण याच तुकड्यामुळे.

११. हे सगळं लॅबचं झालं. आमच्या घरच्या बॅटरीत होतो का शटल इफेक्ट?

होतो, आणि बऱ्याचदा आपणच बोलावून आणतो. आमच्या काकांनी एका उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं पाणी घातलं, का तर दुकान लांब आणि पाणी पाणीच असतं. त्या बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या फरशीवर तांबूस ओघळ आलेले, म्हणजे लोह भरपूर. आठ दिवस जत्रेला गेले, मेन स्विच बंद करून, आणि परत येऊन पंखा लावतात तर इन्व्हर्टर चिं-चिं करायला लागला.

आत काय होतं बघा. लोहाचे दोन अवतार, एक इलेक्ट्रॉन कमी असलेला आणि एक जास्त असलेला. धन प्लेटवर लोह आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, तिथल्या लेड डायऑक्साइडचं सल्फेट होतं. मग ते पोहत ऋण प्लेटकडे जातं, शिशाकडून इलेक्ट्रॉन उचलतं, तिथे पण सल्फेट. परत धन प्लेटकडे. दोन्ही प्लेटा बसल्या जागी उतरतात आणि लोह आहे तेवढंच राहतं. प्रश्न ४ चीच गोष्ट, पात्रं बदललेली. पाण्यातलं क्लोराइड प्लेटा खातं ते अजून वेगळंच. फिल्टरचं पाणी चालेल का हे पण विचारतात. नाही चालणार, घरचा प्युरिफायर क्षार कमी करतो, शून्य करत नाही. बॅटरीचं पाणीच घाला, पाच लिटरच्या कॅनसाठी हजारोंची बॅटरी कशाला मारताय.

टॉर्च-कॅमेऱ्याच्या रिचार्जेबल निकेल सेलमध्ये हेच काम नायट्रोजन करतो. बनवताना राहिलेले अंश एका टोकाला नायट्राइट होतात, दुसऱ्या टोकाला अमोनिया, आणि फेऱ्या चालू. म्हणून जुने सेल महिन्याभरात कपाटातच मरायचे. मग सेपरेटरवर अमोनियाला धरून ठेवणारे सल्फोनिक गट बसवायला लागले, आणि २००५ च्या सुमारास जपानच्या सान्योने एनेलूप बाजारात आणला तेव्हापासून वर्षभर चार्ज टिकवणारे सेल सगळीकडे दिसायला लागले.

१२. मोबाईल-लॅपटॉपच्या लिथियम-आयनमध्ये पण?

व्हायला नको, पण इथे एक भारी किस्सा आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात काही सेल गरम तापमानात ठेवून नंतर उघडले, तर नेहमीच्या तापमानातलं इलेक्ट्रोलाइट पाण्यासारखं स्वच्छ, आणि ७० अंशांवर ठेवलेल्यातलं लालभडक. असा रंग कुठून आला शोधत गेले तर सापडली चिकटपट्टी! आतली गुंडाळी सुटू नये म्हणून लावतात ती साधी टेप, पीईटीची, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. ती इलेक्ट्रोलाइटमध्ये हळूहळू तुटून डायमिथाइल टेरेफ्थॅलेट नावाचा रेणू तयार होत होता आणि तो पक्का धोटा निघाला, दोन टोकांमध्ये इलेक्ट्रॉन वाहणारा. उपाय काय, तर टेप पॉलिप्रॉपिलीनची लावा. वर्षानुवर्षं सेल्फ-डिस्चार्जचं, म्हणजे ठेवल्या ठेवल्या उतरण्याचं, खापर इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइटवर फुटत होतं, टेपकडे कोणी बघितलंच नव्हतं.

१३. मुद्दाम शटल घालतात असं वाचलं. वेडे आहेत का लोक?

शहाणे आहेत. समजा लोह-फॉस्फेटचा सेल ३.४५ व्होल्टच्या आसपास भरतो. त्यात असा रेणू टाकला जो ३.९ व्होल्टपर्यंत गप्प बसेल आणि त्याच्यावर गेलं की फेऱ्या मारायला लागेल. आता चार्जर बिघडून ढकलतच राहिला तरी जास्तीचा करंट या फेऱ्यांत जिरतो, सेल फुगत नाही. याला रेडॉक्स शटल म्हणतात. मर्यादा दोन: फेऱ्यांचा वेग ठरलेला असतो, त्यापेक्षा जास्त करंट आला तर तो हरतो; आणि जिरलेली वीज उष्णताच होते, सेल तापणारच. गंमत म्हणजे प्रश्न ४ मधला पॉलिसल्फाइड पण नकळत हेच संरक्षण देत असतो, फक्त चुकीच्या वेळी देतो.

आयोडीनचं उदाहरण तर अजून सरळ. १९९१ मध्ये ओ'रीगन आणि ग्रेट्झेल यांनी दाखवलेला रंगद्रव्याचा सौर सेल शटलशिवाय चालतच नाही, रंगाने गमावलेला इलेक्ट्रॉन आयोडाइड भरून देतो आणि पलीकडच्या टोकावरून स्वतः परत घेऊन येतो.

१४. ग्लुकोजमधून एटीपी ३६ की ३८? सर एक सांगतात, क्लासवाले दुसरं, आणि यूट्यूबवर ३० का ३२

बारावीकरांनो, चारही आकडे बरोबर आहेत आणि भांडण सगळं शटलचं आहे. (बाकीच्यांसाठी: एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन.) ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज फोडायचा पहिला टप्पा, होतं पेशीद्रवात, तिथे दोन एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहणारे रेणू) मिळतात. पण मायटोकाँड्रियाचं आतलं आवरण एनएडीएचला आत घेतच नाही. मग इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या हाती पाठवायचे. हृदय, यकृत, मूत्रपिंड इथे मॅलेट-ॲस्पार्टेट शटल असतं, ते इलेक्ट्रॉन आत नेऊन परत एनएडीएचच बनवून देतं, पूर्ण किंमत वसूल. मेंदू आणि हाडांवरच्या स्नायूंत जास्त करून ग्लिसरॉल फॉस्फेट शटल, ते झटपट आहे पण इलेक्ट्रॉन एफएडी ला देऊन एफएडीएचटू बनवतं, म्हणजे खालच्या दराने विक्री.

जुन्या दराने एनएडीएचला ३ आणि एफएडीएचटू ला २ एटीपी धरायचे, मग पहिल्या शटलने ३८ आणि दुसऱ्याने ३६. नवीन मोजणीने २.५ आणि १.५ धरतात, मग ३२ आणि ३०. पेपरात पुस्तकात असेल तोच दर लावा, तिथे क्रांती करू नका. माशीच्या पंखाचे स्नायू दुसरं शटल का वापरतात कळलं ना आता? त्यांना काटकसर नाही, वेग पाहिजे.

१५. जिमवाला एल-कार्निटीन घ्या म्हणतोय, चरबी जाळायचं शटल आहे म्हणे

शटल आहे हे खरं. लांब साखळीची चरबीची आम्लं कार्निटीनच्या पाठीवर बसूनच मायटोकाँड्रियात जातात, ती उतरली की कार्निटीन परत बाहेर. पण प्रश्न १ मधली रिक्षा आठवा, वाहक परत परत वापरला जातो म्हणून थोडाच लागतो, आणि तेवढा शरीर लायसिन-मेथिओनिनपासून आपला आपण बनवतं. फेऱ्या किती मारायच्या हे रिक्षांच्या संख्येवर नाही, गेटवरच्या एन्झाइमवर ठरतं. पोटात साखर-भात भरपूर असेल तर मॅलोनिल-कोए नावाचा रेणू ते गेट बंद करतो. स्टँडवर दहा रिक्षा जास्त उभ्या केल्या तरी गेट बंद असेल तर काय फायदा. जन्मजात कार्निटीनची कमतरता असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ते औषध म्हणून लागतं आणि ते डॉक्टर ठरवतात. अपवाद अजून एक: आठ-दहा कार्बनवाल्या मध्यम साखळ्या या शटलशिवायच आत घुसतात.

१६. शटल व्हॉल्व्ह, शटल ग्लो, हे पण शटल इफेक्टच का?

शटल व्हॉल्व्ह नाही. त्यात दोन नळ्यांमधली गोळी ज्या बाजूचा दाब जास्त तिच्यापासून दूर सरकते आणि दुसरं तोंड बंद करते. फक्त सरकते, काही वाहत नाही.

शटल ग्लो हे स्पेस शटलचं प्रकरण. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणात यानाच्या पृष्ठभागावर अंधारात तांबूस-नारिंगी झळाळी दिसली. तेवढ्या उंचीवरचे सुटे ऑक्सिजनचे अणू यानावर आपटून तिथे चिकटलेल्या नायट्रिक ऑक्साइडशी जुळतात आणि त्यातून प्रकाश निघतो. शटलच्या अंगावर दिसली म्हणून शटल ग्लो, बाकी संबंध नाही.

१७. मेकॅनिकलला शटल हीट लॉस म्हणून एक टर्म आहे, ती कशात बसते?

ती अगदी चपखल बसते आणि माझी आवडती आहे, कारण इथे रसायन नाहीच. स्टर्लिंग क्रायोकूलरमध्ये, म्हणजे अतिथंड करणाऱ्या यंत्रात, एक लांब डिस्प्लेसर (गॅस ढकलणारा दट्ट्या) पुढे-मागे होतो, एक टोक खोलीच्या तापमानाचं, दुसरं समजा ८० केल्विनचं. डिस्प्लेसर थंड बाजूला सरकला की त्याचा जरा उबदार भाग सिलिंडरच्या जरा थंड भागासमोर येतो, तिथे उष्णता देतो. मागे आला की उबदार भिंतीकडून परत भरून घेतो. बादल्या हातोहात पास केल्यासारखी उष्णता थंड टोकाला पोचते. हा तोटा स्ट्रोकच्या वर्गात वाढतो, स्ट्रोक दुप्पट तर तोटा चौपट, आणि फट जितकी बारीक तितका जास्त. मग फट मोठी करा की? केली तर त्या फटीत गॅस आत-बाहेर करून वेगळाच तोटा वाढवतो. मधला आकडा शोधत बसावं लागतं.

१८. जिवाणूंचं इलेक्ट्रॉन शटल म्हणजे?

काही जिवाणू श्वासाला ऑक्सिजनऐवजी गंजलेलं लोह वापरतात, पण गंज विरघळत नाही आणि जिवाणू त्याला चिकटलेला असेलच असं नाही. मग शेवानेल्ला नावाचा जिवाणू फ्लेविन बाहेर सोडतो, ते इलेक्ट्रॉन नेऊन गंजाला देतात आणि परत येतात. फ्लेविन म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचं घराणं, बी-कॉम्प्लेक्स खाल्ल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, तेच. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातलं ह्युमिक द्रव्य पण असंच वापरलं जातं, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं.

१९. क्रॉसओव्हर आणि शटल एकच का? आमच्या व्हायव्हात यावर अडकवलं

नाही, आणि इथे बरेच जण घसरतात. मेथॅनॉलच्या फ्युएल सेलमध्ये मेथॅनॉल पडद्यातून पलीकडे झिरपतं आणि तिथे जळून जातं. गेलं ते गेलं, हा क्रॉसओव्हर. शटल म्हणायला परत येणं लागतं. ओळखायची युक्ती: एकूण किती चार्ज वाया गेला तो मोजा आणि त्याला झिरपणाऱ्या पदार्थाच्या मोलांनी भागा. एका फेरीत जेवढं वाया जाऊ शकतं त्याच्या आत उत्तर असेल तर क्रॉसओव्हर धरून चाला, दहापट-शंभरपट आलं तर तेच रेणू फेऱ्या मारतायत.

२०. धोट्याची उपमा पूर्ण लागू होते का?

होत नाही, आणि हे एका यंत्रमागवाल्यानेच मला पकडून दाखवलं. धोटा जाताना पण धागा टाकतो आणि येताना पण टाकतो, रिकामा परत येतच नाही. शिवाय त्याची कांडी संपते, बदलावी लागते. पॉलिसल्फाइड पलीकडे भरतो, अलीकडे ओततो, त्याची कांडी कोणी बदलत नाही, ती आपोआप भरते. नाव धोट्याचं, वागणं रिक्षाचं. पण रिक्षा इफेक्ट म्हणून पेपर कोणी छापणार नाही.

२१. मराठीत लेख लिहायचाय, शटल इफेक्टला काय म्हणू?

ये-जा परिणाम म्हणा, कळतं तरी. धोटा परिणाम म्हटलं तर अर्ध्या लोकांना वाटतं वस्त्रोद्योगाची सबसिडी आली. मी आईला एकदा सगळं समजावून सांगत होतो, तिने वीस वर्षं कांड्या भरल्यात, ती ऐकून म्हणाली, म्हणजे फुकटच्या फेऱ्या की रे. लॅबमध्ये आम्ही आता तेच म्हणतो. ग्राफची रेघ आडवी दिसली की कोणीतरी ओरडतं, फुकटच्या फेऱ्या चालू झाल्या, बंद कर ते.